चालणं सुधारलं, पण माणूस बदलला असं का वाटतं?

वाचकाचं पत्र

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

आम्ही कराड तालुक्यातल्या एका गावात राहतो. माझे मिस्टर ५१ वर्षांचे आहेत. मंडप-डेकोरेशनचा आमचा धंदा सासऱ्यांपासूनचा. गेल्या वर्षी गणपतीच्या ऐन तोंडावर एका सकाळी त्यांना एकदम गरगरायला लागलं, उलट्या सुरू झाल्या. पित्त झालं असेल म्हणून अर्धा दिवस आम्ही घरीच घालवला. संध्याकाळी भिंत धरूनही उभं राहता येईना तेव्हा दवाखान्यात नेलं. एमआरआयमध्ये लहान मेंदूत रक्ताची गुठळी अडकल्याचं निघालं. ‘उजवा लहान मेंदू, मागचा-खालचा भाग, पिका’ असं काहीतरी रिपोर्टमध्ये आहे. देवाच्या कृपेने तीन आठवड्यांत ते काठीशिवाय चालायला लागले. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात, आता काही नाही, गोळ्या चालू ठेवा.

पण मॅडम, घरी आलेला माणूस वेगळाच आहे. मोकळी जागा नुसती डोळ्यांखालून घातली की किती बांबू, किती पडदे, किती गाड्या लागतील हे सांगणारे हे, आता कागद-पेन घेऊन बसतात आणि अर्ध्यात सोडून देतात. मार्चमधल्या एका लग्नात स्टेज उभं राहिलं, पण मागची कनात नेलीच नव्हती. बोलताना शब्द सापडत नाहीत, ‘ते हे... ते आण’ म्हणतात. माझ्या मावससासूबाईंना पंगतीत तोंडावर म्हणाले, ‘तुम्ही फार खाता.’ चुलत्यांच्या दहाव्याला सगळे पिंडाला कावळा शिवायची वाट बघत होते आणि हे हसायला लागले. थांबेचनात. घरी येऊन लहान पोरासारखे रडले. म्हणाले, ‘मला हसू येत नव्हतं गं, तोंड हसत होतं.’ टीव्हीवरची मालिका बघतानाही डोळ्यांतून पाणी काढतात.

दीर म्हणतात, दादा सोंग करतोय, त्याला काम नकोय. सासूबाई म्हणतात, बाहेरचं काही असेल, दाखवून घ्या. मुलगा दहावीला आहे. शाळेत त्यांना शिकवलंय की अनुमस्तिष्काचं, म्हणजे लहान मेंदूचं, काम तोल सांभाळणं आणि हालचालींत सुसूत्रता आणणं. मग तोल तर आला, स्वभाव का गेला? हा वेडेपणा आहे का? धंदा बंद करू का? आणि हे खरंच सोंग असेल का? विचारायची लाज वाटते, पण रात्री झोप येत नाही तेव्हा तेही मनात येतं.

— एक वाचक भगिनी

उत्तर

ताई,

शेवटच्या प्रश्नाने तुमची झोप घालवली आहे, म्हणून तो आधी घेते. तुम्ही जे लिहिलंय त्यात मला सोंग दिसत नाही. पत्रावरून निदान करता येत नाही, त्यांना समोर बसवून तपासावंच लागेल. पण गरगरणं आणि उलट्या, रिपोर्टमधली जागा, भराभर सुधारलेलं चालणं आणि मागाहून दिसलेले हे बदल एकापुढे एक ठेवले, तर मज्जासंस्थेच्या आजारांत काम करणाऱ्याला ओळखीचं चित्र दिसतं.

त्या चित्राला नावही आहे. १९९८ साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले जेरेमी श्मामान आणि जॅनेट शर्मन यांनी लहान मेंदूचा आजार असलेल्या २० रुग्णांचा अभ्यास ‘ब्रेन’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. त्यांना चार गोष्टी बिघडलेल्या सापडल्या. कामाची आखणी करणं आणि एका कामातून दुसऱ्या कामाकडे वळणं जमेना. जागेचा, मापाचा, आकाराचा अंदाज चुकायला लागला. शब्द वेळेवर सापडेनात. आणि वागणं बदललं: कुणी कोरडं, निर्विकार झालं, तर कुणी पोरासारखं जिभेवर येईल ते बोलायला लागलं. तुमचं पत्र आता पुन्हा वाचा. विसरलेली कनात, बांबूंचा अंदाज, ‘ते हे’ आणि मावससासूबाई, चारही गोष्टी तुम्ही स्वतःच लिहून पाठवल्या आहेत. इंग्रजीत याला ‘सेरेबेलर कॉग्निटिव्ह अफेक्टिव्ह सिंड्रोम’ म्हणतात, डॉक्टर थोडक्यात ‘सीसीएएस’ म्हणतील. हे नाव एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. पुढच्या तपासणीला लागणार आहे.

आता तुमचा खरा प्रश्न: तोल आला, मग बाकीचं का नाही आलं? याचं उत्तर त्या ‘पिका’त आहे. लहान मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमन्यांच्या तीन जोड्या असतात, आणि मागच्या-खालच्या भागाकडे जाणाऱ्या धमनीचं इंग्रजी नाव आखूड करून ‘पिका’ म्हणतात. चालणं, हात नेमका वस्तूपर्यंत नेणं, उच्चार स्पष्ट ठेवणं ही कामं मुख्यतः लहान मेंदूच्या पुढच्या भागात चालतात, आणि त्या भागाची धमनी वेगळी, वरची. मागच्या भागाचा मोठा हिस्सा मात्र मोठ्या मेंदूच्या विचार करणाऱ्या भागांशी जोडलेला असतो. ‘पिका’च्या हद्दीत अगदी खालच्या टोकाला कानातल्या तोलाच्या यंत्रणेशी बांधलेला एक लहानसा भागही येतो. पहिल्या दिवशी घर फिरल्यासारखं वाटलं, उलट्या झाल्या, त्या त्यामुळे. तो त्रास बहुतेकांचा काही आठवड्यांत ओसरतो. म्हणजे यांची काठी इतक्या लवकर सुटली आणि मंडपाचं गणित सुटेना, याचं कारण एकच: गुठळीने चालण्याचा भाग बराचसा वाचवला आणि विचाराचा भाग गाठला.

हे लोकांना सांगणं फार अवघड जातं. ज्याचा हात लुळा पडतो त्याला गाव आजारी मानतं. जो चहाच्या टपरीपर्यंत ताठ चालत जातो त्याच्या आजारावर कुणाचा विश्वास बसत नाही, सख्ख्या भावाचाही नाही.

तुमच्या मुलाला सांगा, शाळेत शिकवलंय ते चूक नाही, अपुरं आहे. पण परीक्षेत पुस्तकातलंच उत्तर लिहायला सांगा! शास्त्रज्ञांनी आधी जे डोळ्यांना दिसतं ते टिपलं. फ्रान्सच्या फ्लूरान्सने १८२०च्या दशकात कबुतरांचा लहान मेंदू काढून पाहिला. ती पांगळी झाली नाहीत, पण त्यांच्या हालचालींतला मेळ गेला. पहिल्या महायुद्धात गॉर्डन होम्स या ब्रिटिश डॉक्टरने डोक्याच्या मागच्या बाजूला गोळी किंवा छर्रे लागलेले सैनिक तपासले आणि त्यांच्या लटपटत्या चालीचं, नेम चुकणाऱ्या हाताचं इतकं बारकाईने वर्णन केलं की आजही डॉक्टर तेच शिकतात. त्या काळात विचारांचा नेम चुकतो का हे तपासायची साधनंच हातात नव्हती. पाठ्यपुस्तकांत मग तेवढंच उतरलं आणि तिथेच राहिलं.

चित्र बदलायला १९८० नंतरची दशकं उजाडावी लागली. हेन्रिएटा आणि ॲलन लायनर हे दांपत्य आणि मज्जाशास्त्रज्ञ रॉबर्ट डो यांनी १९८६मध्ये उघड विचारलं, लहान मेंदू बुद्धीच्या कामातही हात लावतो का? अनेकांना ते पटलं नव्हतं. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या संशोधकांनी निरोगी माणसांना स्कॅनरमध्ये झोपवून एक नाम दाखवायचं आणि त्याला जुळणारं क्रियापद सांगायला लावायचं, असा प्रयोग केला. ‘पीठ’ म्हटलं की ‘मळणं’, अशा धर्तीचा. शब्द शोधताना लहान मेंदूची उजवी बाजू उजळली, आणि जीभ-ओठ हलवताना उजळणाऱ्या जागेपेक्षा ही जागा निराळी होती. मग १९९४मध्ये पीटर स्ट्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्याने माकडांमध्ये एका पेशीतून दुसरीत चढत जाणाऱ्या विषाणूचा माग काढून दाखवलं की लहान मेंदूतून निघालेली वाट कपाळामागच्या, बेत आखणाऱ्या भागापर्यंत खरोखर पोचते.

उजव्या बाजूचा उल्लेख मुद्दाम केला. लहान मेंदूची उजवी बाजू मोठ्या मेंदूच्या डाव्या अर्ध्याशी जोडलेली असते, आणि बहुतेक माणसांची भाषा डाव्या अर्ध्यात असते. यांची इजा उजवीकडे आहे. ‘ते हे... ते आण’ यात मला त्यामुळे आश्चर्य वाटलं नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या मुलाला आवडेल. आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात, हे ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हौझेल यांच्या गटाने २००९मध्ये मोजून सांगितलं. त्यातल्या सुमारे ६,९०० कोटी एकट्या लहान मेंदूत असतात. मोठ्या मेंदूच्या ज्या सुरकुतलेल्या सालीला आपण बुद्धीचं घर समजतो, तिच्यात सुमारे १,६०० कोटी. वजनाने मेंदूचा जेमतेम दहावा हिस्सा असलेल्या या भागात इतक्या पेशी नुसत्या तोलासाठी असतील हे मला विद्यार्थी असल्यापासून पटत नव्हतं.

मग तो करतो काय? पुढच्या क्षणी काय होणार याचा अंदाज बांधतो, प्रत्यक्षात काय झालं ते ताडून बघतो, चूक दिसली की पुढच्या वेळी दुरुस्त करतो, आणि हे सगळं तुम्हाला न कळू देता. पाण्याचा तांब्या उचलताना हात किती जोर लावेल हे तो आधीच ठरवून देतो. त्याची रचना जवळजवळ सगळीकडे सारखी आहे. पुरकिंजे नावाच्या मोठ्या पेशी, ज्यांतल्या एकेकीकडे लाखाच्या घरात जोडण्या येतात, त्या पुढच्या भागातही तशाच आणि मागच्या भागातही तशाच. त्यामुळे श्मामान यांचं म्हणणं असं की काम एकच आहे, माल वेगवेगळा येतो. हालचालीचा माल आला तर हालचाल नेमकी होते. विचाराचा आला तर विचार मुद्द्यावर राहतो, भावनेचा आला तर ती प्रसंगाला शोभेल इतकीच बाहेर येते. हा भाग दुखावला तर हात जसा ग्लासाच्या पुढे जातो तसा विचारही नेम चुकून पुढे जातो किंवा अलीकडेच थांबतो. अंदाज बांधण्याचं हे काम नेमकं कसं चालतं यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत, पण मागचा भाग दुखावला की विचार आणि भावना बिघडू शकतात, हे आता गंभीरपणे कुणी नाकारत नाही.

तुमच्या मिस्टरांनी आयुष्यभर हेच तर केलं. मोकळं मैदान बघितलं की आकडा तोंडात. तो आकडा ते मोजून काढत नव्हते, शेकडो मांडव घालून तो आतून यायचा. आज तो आतून येत नाही, म्हणून ते कागद घेऊन बसतात. जे आपोआप व्हायचं ते आता एकेक पायरी जोर लावून करावं लागतं, त्यात डोकं इतकं शिणतं की अर्ध्यावर पेन खाली ठेवावं लागतं. भावाला तो आळस दिसतो. मला तर कागद-पेन घेऊन बसणारा माणूस दिसतो, आणि काम टाळणारा कागद-पेन घेऊन बसत नाही.

दहाव्याच्या हसण्याविषयी मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण त्या प्रसंगाने तुमच्या घराला सगळ्यात जास्त लाज आणि सगळ्यात जास्त दुःख दिलं असणार. ‘मला हसू येत नव्हतं, तोंड हसत होतं.’ ताई, हे वाक्य त्यांनी डॉक्टरांसमोर जसंच्या तसं सांगितलं पाहिजे. आत वाटणारी भावना आणि चेहऱ्यावर उमटणारी भावना यांची गाठ सुटली की असं होतं. हसू किंवा रडू विनाकारण येतं, किंवा कारण एवढंसं आणि उमाळा केवढा तरी. आणि थांबवता येत नाही. पक्षाघातानंतर (म्हणजे मेंदूच्या झटक्यानंतर), डोक्याला मार लागल्यावर, इतर काही मज्जाविकारांत हे दिसतं. लहान मेंदूच्या इजेशी त्याचा संबंध जोडणारा शोधनिबंध २००१मध्ये आला. लहान मेंदूच्या मधल्या पट्ट्याचा भावनांशी विशेष संबंध मानतात, आणि त्या पट्ट्याचा खालचा भागही ‘पिका’च्याच हद्दीत येतो. चुलत्यांच्या मरणाचं त्यांना वाईट वाटत होतं, हे घरी आल्यावरच्या रडण्यावरून दिसतंच. यावर औषध आहे. नैराश्यावरच्या काही गोळ्या कमी मात्रेतही या हसण्या-रडण्यावर बऱ्याच जणांना चांगल्या लागू पडतात. कुठली आणि किती हे डॉक्टरांनीच ठरवायचं, कारण रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांबरोबर त्यातल्या काही जपून द्याव्या लागतात. औषधाच्या दुकानातून परस्पर काही आणू नका.

मालिका बघताना येणारं पाणी यातलंच असू शकतं, पण ते गृहीत धरू नका. पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला खरं नैराश्य येतं. दिवसदिवस मन उदास असणं, कशातच रस नसणं, झोप-भूक जाणं, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं, यातलं काही असेल तर ते वेगळं सांगा. जगण्याविषयीचं बोलणं असेल तर त्याच दिवशी सांगा.

‘वेडेपणा आहे का’ असं तुम्ही विचारलंय. नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे मात्र गरज पडली तर बेलाशक न्या, त्यात कमीपणा काही नाही. पण पहिली पायरी मज्जाविकारतज्ज्ञाची, म्हणजे न्यूरोलॉजिस्टची, आणि त्यांच्यामार्फत न्यूरोसायकॉलॉजिस्टची, म्हणजे स्मरण, भाषा, विचार यांच्या चाचण्या घेणाऱ्या तज्ज्ञाची. तारीख, वार, गावाचं नाव, शंभरातून सात वजा करा, अशी स्मृतिभ्रंशासाठी केलेली झटपट परीक्षा हे रुग्ण बहुधा सहज पास होतात आणि कागदावर ‘नॉर्मल’ लिहून येतं. श्मामान यांच्या गटाने २०१८मध्ये खास या आजारासाठी एक छोटी चाचणी तयार केली. एका मिनिटात जितके प्राणी आठवतील तितके सांगा, घनाची आकृती काढा, दोन वस्तूंत साम्य काय ते सांगा, आकडे उलटे म्हणा, शब्द लक्षात ठेवून मग सांगा, असं तिचं स्वरूप आहे. बघायला पोरखेळ वाटेल. पण मराठीत शिकलेल्या माणसाला ‘एफ अक्षराने सुरू होणारे शब्द सांगा’ असं विचारून निष्कर्ष काढलेला मला चालत नाही, आणि तुम्हीही चालवून घेऊ नका. भाषा आणि शिक्षण पाहून चाचणी करणारी माणसं पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत भेटतात. बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या राष्ट्रीय संस्थेत तर भारतीय रुग्णांसाठी बसवलेला चाचण्यांचा संचच आहे.

जाताना एमआरआयची फिल्म किंवा सीडी न्या, नुसता रिपोर्ट पुरत नाही. बरोबर एका पानावर सहा-सात प्रसंग लिहून न्या, या पत्रात लिहिलेत तसेच, तारखेसकट. ‘स्वभाव बदललाय’ म्हटलं की डॉक्टरला काही हाती लागत नाही, ‘स्टेज बांधलं आणि कनात विसरली’ म्हटलं की लागतं. बी-१२, थायरॉइड, साखर आणि झोपेत घोरणं-श्वास अडकणं यांचीही विचारणा करा. वागणं बदलण्यामागे ही कारणंही असू शकतात, आणि ती सापडली तर त्यांच्यावर उपाय आहे.

आता घर आणि धंदा. धंदा बंद करू नका, निदान यंदा तरी नाही. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत जास्त होते, पण पुढेही चालू राहू शकते. किती होईल हे आज कुणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. तोवर त्यांच्याकडून एकट्याने अंदाजपत्रक करून घेऊ नका आणि फोनवर भाव सांगू देऊ नका. ‘बघून सांगतो’ एवढंच म्हणायचं, हे त्यांच्याशी ठरवून घ्या. तुमच्याकडे जुने पक्के कारागीर असतीलच. त्यातल्या एकाला बरोबर बसवून वीस बाय चाळीसचा मांडव, साखरपुड्याचं स्टेज, दारातला छोटा मांडव, अशा तुमच्या नेहमीच्या प्रत्येक कामाची सामानाची यादी एकदाच तयार करा. आठवण हळू येईल, पण माहिती त्यांच्याकडेच आहे, ती यादी त्यांनीच सांगायची. मग गाडी भरताना एक जण वाचेल, एक जण टिक करेल. कनात विसरायला जागाच उरणार नाही.

एका वेळी एकच काम. मागे टीव्ही, हातात फोन आणि समोर गिऱ्हाईक, हे त्यांना आता पेलणार नाही. डोक्याचं काम सकाळी, दुपारी जेवणानंतर तासभर आडवं होणं. आणि शिडीवर, बांबूंवर चढायचं नाही, गाडी चालवायची नाही, जोवर डॉक्टर तपासून लेखी हो म्हणत नाहीत तोवर. जमिनीवर सरळ चालता येणं आणि उंचीवर मान वर करून दोरी आवळणं यांत फार फरक आहे.

तोंडाला येईल ते बोलण्याविषयी: चारचौघांत त्यांना झापू नका. शब्द बाहेर पडल्यावर त्यांना कळतंय की नाही, हे एकांतात विचारा. कळत असेल तर दोघांत एक खूण ठरवा, हाताला हलकासा स्पर्श, की लगेच विषय बदलायचा किंवा उठून बाहेर जायचं. लग्नाच्या पंगती, बारसं, गर्दी हे सध्या थोडं थोडं. पाहुण्यांना एकदाच, आधीच सांगून टाका: ‘यांना मेंदूचा झटका येऊन गेलाय, बोलण्यावरचा ताबा अजून आलेला नाही, मनावर घेऊ नका.’ मावससासूबाईंना तुम्ही स्वतः फोन करा.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांचा मुलगा त्यांच्या डोळ्यांसमोर बदललाय आणि त्याचं कारण त्यांना कुणी समजावून सांगितलेलं नाही. अंगारा लावायचा तर लावू द्या. पण गोळी एकही चुकवायची नाही, उपाशी ठेवायचं नाही, आणि कुणी भूत उतरवतो म्हणून मारहाण करायला किंवा पैसे उकळायला लागला तर तिथून सरळ उठून यायचं. असल्या प्रकारांवर आपल्या राज्यात २०१३पासून कायदा आहे.

गोळ्यांचं आणखी एकदा लिहिते. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, रक्त पातळ ठेवणारं औषध, यातलं काहीही ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद होता कामा नये. तंबाखू असेल तर सोडायचीच. काम संपल्यावर पोरांबरोबर थोडी घेण्याची सवय असेल तर तीही थांबवायला लागेल. दारू लहान मेंदूच्या पेशींना थेट मारते, आणि इथे आधीच तुटवडा आहे. पुन्हा कधी एकदम गरगरलं, उलटी झाली, दोन-दोन दिसायला लागलं, चालताना एकीकडे झोक गेला किंवा डोक्याच्या मागे असह्य कळ आली, तर पित्त म्हणून थांबू नका. १०८ला फोन करा. लहान मेंदूच्या झटक्यात तोंड वाकडं होईलच असं नाही, हात गळेलच असं नाही, म्हणून भलेभले फसतात. तुम्ही त्या दिवशी अर्धा दिवस घरी थांबलात याचा दोष स्वतःला देऊ नका. तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तर त्यालाही आधी पित्तच आठवलं असतं.

तुमच्या पत्रात तुमच्याबद्दल एकच ओळ आहे, झोपेची. धंद्याचा हिशोब, दहावीचं पोर, सासूबाई आणि हे, सगळं तुमच्या एकटीवर आलंय. माहेरचं कुणी, बहीण, मैत्रीण, जिच्यापुढे रडता येईल अशी एक तरी बाई गाठा. यांच्या तपासणीच्या दिवशी स्वतःचाही रक्तदाब बघून घ्या. आणि मनात ‘सोंग’ हा शब्द आला म्हणून लाज वाटून घेऊ नका. ज्यांचं माणूस बाहेरून धडधाकट आणि आतून बदललेलं असतं त्या प्रत्येक घरात तो शब्द कधी ना कधी येतो.

तपासणीला जाताना भाऊजींना बरोबर घेऊन जा. तुम्ही समजावून त्यांना पटणार नाही, मी लिहून पटेल असंही वाटत नाही. डॉक्टरांना आधी सांगून ठेवा की हे धाकटे भाऊ आहेत, यांना फिल्म उजेडावर धरून जागा दाखवा. मग चाचणी चालू असताना, डॉक्टरांची हरकत नसेल तर, त्यांना खोलीत मागे बसू द्या. पन्नास मांडव तोंडपाठ असलेला आपला दादा मिनिटभरात प्राण्यांची नावं सांगताना कुठे अडतो आणि किती धडपडतो, ते त्यांनी स्वतः बघितलेलं बरं.

चाचण्यांचे निकाल आले की मला जरूर कळवा. दिवाळीनंतरच्या लग्नसराईसाठी कुठली कामं घ्यायची आणि कुठली सोडायची, ते तेव्हा त्या कागदावरून ठरवता येईल. तोवर नव्या मोठ्या ऑर्डरचा इसार घेऊ नका.